बनुबाईचा उखाणा

गेल्या वर्ष-दीड वर्षात सांगली-सातारा भागात लग्न झालं आणि वरातीत ‘आकारामराव येतील’ वाजलं नाही, असं घर हुडकूनच काढावं लागेल. हळदीला तेच, वरातीला तेच, गणपतीला तेच, आणि पुढाऱ्याचा वाढदिवस असला तर केक कापायच्या आधी पण तेच. पिक्चर कुणाच्या ध्यानात नाही. पडलाच होता म्हणा तो. गाणं तेवढं तरलं. नाचून घामाघूम झालेल्या एखाद्याला धरून विचारलं, की बाबा रे, हे लिहिलं कुणी, गायलं कुणी, तर तो सांगेल, “ती उत्कर्षा निकम न्हाई व्हय? आपल्या कडेगावकडचीच हाय की!”

आणि ही उत्कर्षा निकम, वय वर्षं अठ्ठावीस, भागाचं नाव काढलेली पोरगी, सांगलीत रिक्षात बसली आणि रिक्षावाल्यानं ते गाणं लावलं की मध्येच उतरते. परवाच स्टँडवरून विश्रामबागला निघाली होती. राम मंदिराच्या चौकाच्या आधीच म्हणाली, “थांबवा, हितंच उतरते.” रिक्षावाला म्हणाला, “ताई, अजून लांब हाय की!” त्या बिचाऱ्याला काय माहीत, की स्पीकरमधला आवाज आणि मागच्या सीटवरची बाई एकच. ती उतरली आणि दुपारच्या उन्हात चालत गेली.

लोक म्हणतात, कलावंत माणूस, लहरी असायचंच. लहरी-बिहरी काही नाही हो. तिला लाज वाटते. आणि ती उगाच वाटत नाही, तिनं तसं केलंय.

कडेगावपासून सात-आठ किलोमीटरवर खैरवाडी आहे. तिथले भाऊसो निकम फौजेत हवालदार होते, रिटायर होऊन आले आणि तीन एकर ऊस बघायला लागले. उत्कर्षा त्यांची एकुलती एक. घरात आणखी एक माणूस होतं, भाऊसोंची धाकटी बहीण बनुबाई. उत्कर्षाची आत्या. ही आत्या माहेरी कशी राहिली, ते आधी सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

बनुबाईला इस्लामपूरच्या बाजूला दिली होती. नवरा आकाराम कारखान्यावर फिटर. चार वर्षं संसार बरा चालला, मूलबाळ नव्हतं. एका दिवाळीला आकारामनं तिला माहेरी आणून सोडलं, नवी इरकल साडी हातात दिली आणि म्हणाला, “हंगाम संपला की न्यायला येतो.” हंगाम संपला, दुसरा लागला, तोही संपला. मग बातमी आली, की गडी दुसऱ्या एका बाईला घेऊन अथणीकडं गेला, तिकडं गॅरेज टाकलं आणि घर पण केलं. भाऊसो रजेवर आले होते, ते काठी घेऊनच निघाले. बनुबाई दारात आडवी झाली. “तुमी जायचं न्हाई. येतो म्हणल्यात तेनी. येतील.”

आता, बाई काय खुळी नव्हती. तिला सगळं कळत होतं. भावाची शेती तिनं गड्यासारखी सांभाळली, उसाला पाण्याची दारं धरली, दोन म्हशी केल्या, डेअरीला रोज स्वतः दूध घातलं. पण कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही आणि नवऱ्याविषयी वाईट शब्द काढला नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत, तशीच ती. रेशनकार्डाच्या कामाला तालुक्याला गेली आणि साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, की भाचीला पुढं ढकलायची, “सांग गं बाय.” आणि सात वर्षांची उत्कर्षा खड्या आवाजात सांगायची.

माहेरी आल्यानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाला बायका जमल्या, नाव घ्यायची पाळी फिरायला लागली. बनुबाईशेजारच्या बाईनं तिला हळूच वगळलं, उगं अवघड व्हायला नको म्हणून. तर बनुबाईच म्हणाली, “माझं ऱ्हायलं की.” आणि सरळ बसून तिनं नाव घेतलं:

“दिवा लावते उंबऱ्यात, दाराला न्हाई कडी,
आकारामराव येतील म्हणून मोडली न्हाई घडी.”

घडी म्हणजे त्या इरकल साडीची. ती तिनं नेसलीच नव्हती, ट्रंकेत तशीच होती. एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली, आणि मग कुणीतरी तिळगूळ वाटायला घेतला.

पुढची तीस वर्षं दर संक्रांतीला बनुबाईनं हाच उखाणा घेतला. उखाणा काय सातबाऱ्यावर चढवायची चीज आहे? एकीनं घेतला की दुसरी उचलते, बाजारात त्याची पुस्तकं मिळतात, नव्या नवऱ्या आता मोबाईलमध्ये बघून घेतात. खैरवाडीच्या बायकांनी एकमेकींचे उखाणे किती वापरले असतील त्याला गणती नाही. पण बनुबाईचा कुणी उचलला नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला बजावलं नव्हतं. तो तिचा होता, बास.

आत्याच्या मांडीवर बसून तो उखाणा ऐकत उत्कर्षा मोठी झाली. गळा तिला देवानंच दिला होता. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गायला बोलावलं, तेव्हा भाऊसोंनी फौजी खाक्यात ऑर्डर सोडली, “पोरगी स्टेजवर नाचवायची न्हाई.” बनुबाई म्हणाली, “नाचतीया कुठं? गातीया. गळा हाय तर गाऊ द्या की!” भाऊसो कुणाचं ऐकायचे नाहीत, फक्त बहिणीचं ऐकायचे. मग शाळेची स्पर्धा असो, कॉलेजचा युवा महोत्सव असो, कराड, सांगली, कोल्हापूर, आत्या बरोबर. एसटीत शेजारी, कार्यक्रमात शेवटच्या रांगेत, मांडीवर भाचीची पिशवी. गिटार आणली तेव्हा म्हणाली, “ह्याला खुट्ट्या लय हायत गं, ध्यानात कशा ऱ्हात्यात?” गाणं कसं झालं, ते कधी बोलायची नाही. “घसा दुकला का?” एवढंच विचारायची.

सांगलीला कॉलेजात असताना उत्कर्षाला अजमल भेटला. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या घरातला. बाप खाली भोपळे तासायचा आणि यानं माडीवर भिंतींना वाकळा टांगून स्टुडिओ केला होता. दोघांनी मिळून गाणी करायला सुरुवात केली. शब्द तिचे, चाल तिची, वाजवणं आणि रेकॉर्डिंग त्याचं. होस्टेलच्या मेसवर एक गाणं, पुराच्या पाण्यात गेलेल्या स्कूटीवर एक गाणं. स्कूटीचं गाणं यूट्यूबवर बरं चाललं. लग्नात गायची बोलावणी यायला लागली. पुण्यात दोन-तीन कार्यक्रम झाले. नाव होत होतं, पण आपलं मुंगीच्या पावलानं. पंचविशी उलटली. भाऊसो स्थळं बघायला लागले. आणि अशात एक दिवस पुण्याहून एका डायरेक्टरचा फोन आला, “एक गावरान गाणं पाहिजे. शनिवारपर्यंत चाल पाठव. आवडली तर पिक्चर तुझा.”

शुक्रवार उजाडला तरी शब्द सुचेनात. चाल मात्र आली होती. संथ, खालच्या सुरातली, अजमलला पण भारी वाटलेली. तो म्हणाला, “शब्द मागनं बघू. डमी टाक.”

डमी म्हणजे या धंद्यातला रोजचा प्रकार. चाल झालेली असते, शब्द नसतात, तर तोंडाला येईल ते भरून गायचं. ऐकणाऱ्याला चाल कळावी एवढ्यापुरतं. मग खरे शब्द लिहायचे आणि डमी फेकून द्यायची.

उत्कर्षानं डोळे मिटले, आणि तोंडाला आलं ते आत्याचं. दिवा लावते उंबऱ्यात. चालीत असं बसलं, की अजमलनं हेडफोन काढला आणि बघतच राहिला.

“कुणाचं हाय हे?”

“आत्याचा उखाणा.”

“म्हणजे नाव खरं हाय? नवऱ्याचं?”

“बदलायचं हाय की रं. डमीच हाय.”

खोटं नव्हती बोलत ती. त्या घटकेला तिला तसंच वाटत होतं.

तशीच डमी पाठवली, आणि डायरेक्टरचा फोन अर्ध्या तासात आला. माणूस ओरडतच होता. “उत्कर्षा, काय लिहिलंयस! शब्दाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. आमच्या पात्राचं नाव ‘संपत’ ठेवलं होतं, ते उडवलं मी. आकाराम! हे असलं नाव तुला सुचलं कसं?”

हिथं एक वाक्य बोलायचं होतं. ‘सर, ते माझं नाही, माझ्या आत्याचं आहे, तिला विचारून सांगते.’ अवघड नव्हतं. पण तिनं तोंड उघडलं आणि निघालं काय, तर “थँक्यू, सर.”

फोन ठेवल्यावर अजमल बराच वेळ वायरी गुंडाळत बसला. मग म्हणाला, “आत्याला विचार.”

“रविवारी जाते.”

आणि गेली, हे पण खरं. संध्याकाळची वेळ, आत्या गोठ्यात धार काढत होती. उत्कर्षा पालथ्या बादलीवर बसली.

“पिक्चरचं गाणं मिळालं म्हणं?” आत्यानं विचारलं.

“व्हय.”

“कसलं हाय?”

“असंच. गावाकडलं.”

“अंगभर कापडं हायत न्हवं त्यात?”

“आत्या, मी गाणार हाय. नाचायला दुसऱ्या हायत.”

दोघी हसल्या. मग चरवीत धार पडायचा आवाज तेवढा राहिला. आत्या जणू पुढं काही येईल म्हणून थांबली होती. उत्कर्षाच्या ओठांपर्यंत आलं आणि मागं गेलं. का गेलं, ते तिला तेव्हाही माहीत होतं. विचारलं तर आत्या नको म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलंच नाही. भुलून नाही, घाईत नाही. ठाऊक होतं म्हणून. ती दुधाची बाटली घेऊन सकाळच्या एसटीनं सांगलीला आली आणि बुधवारी पुण्याला जाऊन गाणं गाऊन टाकलं.

पुढं पिक्चरवाल्यांनी काय केलं, ते तर तुम्ही बघितलंय. संथ गाण्याचा ताल दुप्पट केला. हलगी घातली, ढोल घातले. पडद्यावरचा आकाराम म्हणजे ढेरपोट्या, बावळट, दोन घरं करून दोन्हीकडं मार खाणारा. पहिली बायको दार सताड उघडं टाकून वाट बघत बसलेली, आणि दारातून नवरा सोडून गावातला हरेक माणूस आत येतोय. कुत्रं आलं, पोस्टमन आला, सरपंच आला. पहिल्या खेळाला पुण्याचं थेटर हसून हसून लोळत होतं. डायरेक्टर शेजारच्या खुर्चीत बसून उत्कर्षाच्या तोंडाकडं बघत होता. आणि उत्कर्षा हसली. हा एक क्षण ती स्वतःला कधी माफ करत नाही. गप बसली असती तरी चाललं असतं. पण ती हसली.

मग बक्षीस मिळालं, मुलाखती आल्या. एका बाईनं विचारलं, “इतके अस्सल शब्द सुचले कसे?” उत्कर्षा म्हणाली, “कडेगाव-सांगली एसटीत खिडकीशी बसले होते. शेतं मागं पळत होती, आणि आपोआप आलं.” ती मुलाखत अजून यूट्यूबवर आहे. अजमलनं ती बघितली आणि फोन केला. “एसटीत आलं?” एवढंच बोलला आणि ठेवला. पुढची गाणी तिनं पुण्यात दुसऱ्याबरोबर केली. ती चालली नाहीत.

खैरवाडीत गाणं टीव्हीवर लागलं तेव्हा भाऊसोंनी झटकन रिमोट उचलला. बनुबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. पोरीचं हाय.” गाणं संपेपर्यंत बघितलं, मग उठून गोठ्यात गेली. आठ दिवसांत डेअरीच्या कट्ट्यावरची टवाळ पोरं सुरू झाली. “आत्या, कडी लावली का न्हाई आज?” “आत्या, आकारामराव कुठवर आलं?” जी बाई तीस वर्षं मान वर करून दूध घालायला गेली, तिनं डेअरीला जायचं सोडलं. किटली भाऊसो न्यायला लागले.

त्यांनी पोरीला फोन केला. “हे काय करून बसलीस?”

“आबा, उखाणाच तर हाय. समद्याच बाया म्हणत्यात.”

“समदं म्हणत्यात. ह्यो कोण म्हणत न्हवतं.” भाऊसोंनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर दहा महिने उत्कर्षा गावाकडं फिरकली नाही. कार्यक्रम आहे, रेकॉर्डिंग आहे, तब्येत बरी नाही. मग संक्रांत आली. हल्ली हळदीकुंकू काय घरात राहिलेलं नाही. शाळेच्या पटांगणावर मांडव, स्टेज, निवेदक, पाचशे बायका, प्रत्येकीला स्टीलचा डबा, आणि मागं पुढाऱ्याचा हे भला मोठा फोटो. खैरवाडीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं आलं. आधी तिनं नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी स्वतःच फोन करून येते म्हणाली. तिनं ठरवलं होतं, गावासमोर माईकवर सांगायचं, की हे शब्द माझे नव्हेत, बनुआत्याचे आहेत. कागदावर लिहून पण घेतलं होतं.

सकाळीच घरी पोचली. आत्या सोप्यात तीळ निवडत बसली होती.

“आलीस? वाळलीस गं.”

“आत्या, माझं चुकलं.”

आत्याची बोटं थांबली नाहीत. “काय चुकलं?”

म्हणजे तोंडानं सांगायला लावलंच तिनं. “तुझा उखाणा घेतला. तुला ईचारलं न्हाई.”

“गोठ्यात आलीवतीस त्या दिशी. ईचारायलाच आलीवतीस न्हवं?”

“तुला कसं कळलं?”

“पालथ्या बादलीवर घटकाभर बसलीस. कायतरी मागायचं असलं की तू बारकी असल्यापास्नं तशीच बसतीस. मी वाट बघत हुते, कवा बोलतीस म्हणून.”

“ईचारलं असतं तर?”

“न्हाई म्हणले असते.” आत्यानं खडा बाजूला टाकला. “पर तू ईचारायचं हुतंस.”

उत्कर्षाला रडू फुटलं. आत्यानं रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

“आज समद्यांच्या म्होरं सांगते,” उत्कर्षा म्हणाली. “तुझं हाय म्हणून सांगते.”

“नगं. काय सांगू नगंस.” आता आत्यानं पहिल्यांदा वर बघितलं. “आज मी येणार हाय. माझी पाळी आली की नाव घेणार हाय, दर साली घेते तसंच. लोकं हसतील. हसू द्यात. दोन साल हसतील, तीन साल हसतील, मग इसरतील. माझं माझ्यापाशी ऱ्हाईल. तू मातुर त्यात पडू नगंस.”

उत्कर्षानं मान हलवली. एवढ्यावर सुटका होत असेल तर बरंच, असं तिला वाटलं. वाटलं म्हणायची सुद्धा तिला आता लाज वाटते.

दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. आत्या चौथ्या रांगेत बसली होती, धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मग निवेदकानं माईक तोंडाला लावला आणि किंचाळला, “आणि आता बायांनो, तुमच्यासाठी सरप्राइज! जेची तुमी वाट बघत हुता...”

मांडवाच्या मागनं फेटा बांधलेला एक माणूस स्टेजवर आला. साठीपुढचा, मिशीला काळा रंग लावलेला, पोट सुटलेलं. आकाराम. खराखुरा. गाणं गाजल्यापासून तो मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा म्हणे, ‘मीच तो आकारामराव.’ पुढाऱ्याच्या पोरांनी हुडकून आणला होता. आयोजकांना वाटलं, केवढी गंमत! गड्यानं दोन्ही हात वर केले. “गाण्यात म्हणल्यापरमानं आलो बघा!”

पाचशे बायका खो-खो हसल्या. आकाराम उत्कर्षाकडं वळला, हात जोडले. “पोरी, लय मोठं केलंस बघ मला.” आणि तिच्या शेजारी खेटून उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, “मॅडम, हिकडं.” उत्कर्षानं तिकडं बघितलं.

“आता वयनींना वर घ्या!” निवेदक ओरडला. चौथ्या रांगेतल्या बायकांनी बनुबाईला उठवलं, हसत हसत पुढं ढकललं. म्हातारी पायऱ्या चढून वर आली. निवेदकानं माईक तिच्यापुढं धरला. “हां, आकारामराव आलं! आता झ्याक नाव घ्या बघू!”

तिनं तोंड उघडायच्या आधीच खालनं सुरू झालं. आधी पोरींनी, मग सगळ्याच बायकांनी, टाळ्यांच्या तालावर. दिवा लावते उंबऱ्यात. पिक्चरच्याच चालीत, दुप्पट ठेक्यात. अख्खा मांडव म्हणत होता. उत्कर्षा चार हातांवर उभी होती. माईक हिसकावून घ्यायला पाहिजे होता, थांबा म्हणून ओरडायला पाहिजे होतं. पण आत्यानं त्यात पडू नकोस म्हटलंय, असं ती स्वतःला सांगत राहिली आणि उभीच राहिली.

बनुबाईनं त्यांचं सगळं संपू दिलं. मग तिनं मान वळवून त्या माणसाकडं बघितलं. एकतीस वर्षांनी बघत होती. वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि माईकमध्ये म्हणाली,

“आकाराम.”

राव नाही, उखाणा नाही. बांधावरल्या कुठल्या गड्याला हाक मारावी तसं.

पोरींना काही कळलं नाही, त्या हसतच होत्या. म्हाताऱ्या बायकांना कळलं. त्यांचे हात तोंडावर गेले, आणि एकेक रांग करत मांडव गप्प झाला. आकारामचा हात फेट्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

निवेदक गडबडला. “मावशी, आवं असं न्हाई, उखाण्यात घ्या की!”

“उखाणा तुमीच म्हणलासा न्हवं समद्यांनी,” बनुबाई म्हणाली. “माझ्यापाशी नुसतं नाव ऱ्हायलंतं. ते बी घ्या.”

ती पायऱ्या उतरायला लागली. तेव्हा कुठं उत्कर्षाला जाग आली. तिनं माईक ओढून घेतला. “ह्यो उखाणा माझा न्हाई! एसटीत सुचला नव्हता मला! माझ्या आत्याचा हाय, बनुबाईचा हाय. मी तिला न ईचारता घेतला. चोरला मी!” आवाज फाटला होता.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एवढी मोठी झाली तरी पोरगी आत्याला मान देते. निवेदक पण टाळ्या वाजवायला लागला.

बनुबाई शेवटच्या पायरीवर थांबली होती. तिनं मागं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “आता कशाला गं, बाय?” म्हणाली. माईक नव्हता, त्यामुळं एकट्या उत्कर्षालाच ऐकू गेलं.

मांडवाच्या तोंडाशी दोन पोरी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. एकीनं बोट कुंकवात बुडवलं आणि बनुबाईच्या कपाळाकडं नेलं. बनुबाईनं हात आडवा धरला आणि “मला नगं” म्हणून घराकडं गेली.